मंगळावरून उशिरा येणारे उत्तर

मराठी विज्ञानमालिकेची कादंबरी करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पटकथा हाताशी असली म्हणजे निम्मे काम झाले, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात गोरेगावच्या चित्रनगरीत ऐन वेळी सेटवर संवाद बदलतात आणि ते बदल मूळ प्रतीत टिपून ठेवण्याची शिस्त आपल्याकडे जवळजवळ नाहीच. त्यामुळे एकेक भाग थांबवत संवाद उतरवून घ्यावे लागतात, रिकॅप आणि ब्रेकआधीचे धक्के गाळावे लागतात, आणि मग प्रत्येक प्रसंग कोणाच्या नजरेतून सांगायचा, हे ठरवावे लागते.

मालिकेतला सर्वांत गाजलेला प्रसंग असा: मंगळावरच्या तळात हवेची गळती सुरू झाली आहे, तासाभराची हवा उरली आहे, आणि मुलगी मुंबईच्या नियंत्रण कक्षातील अभियंता आईला विचारते, ‘कुठली झडप बंद करू?’ आई लगेच सांगते. परंतु रेडिओ संदेशाला मंगळावरून पृथ्वीवर यायला, दोन ग्रहांमधील अंतरानुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि कथेत मंगळ सर्वांत लांबच्या टोकाला आहे. म्हणजे प्रश्नाचे उत्तर मिळायला पाऊण तास. पडद्यावर एका कटमध्ये ही मिनिटे नाहीशी होतात. कागदावर वाचक थांबून हिशेब करतो.

मी उपाय काढला. गळती सुरू होताच यंत्राने तिची नोंद आपोआप पाठवलेली असते. ती २२ मिनिटांनी दिसताच आई, पुढे काय विचारले जाईल हे ओळखून, सूचना देते. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला ती सूचना मंगळावर पोहोचते, तेव्हा मुलीने प्रश्न नुकताच उच्चारलेला असतो.

दादरला प्रकाशकांच्या कार्यालयात ही पाने मूळ पटकथाकार ताईंनी शांतपणे वाचली. म्हणाल्या, “अहो, या आईने आयुष्यभर मुलीचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. इथं ती पहिल्यांदा ऐकते, म्हणून मी हा प्रसंग लिहिला. तुमची आई तर विचारण्याआधीच पुन्हा बोलते!”

संपादकांनी लगेच त्यांची बाजू घेतली, पण कारण वेगळे होते: प्रेक्षकांना संवाद पाठ आहेत, विज्ञान कोण तपासतो? हे मला मुळीच पटत नाही. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या आपल्या विज्ञानमालिकेचे सुरुवातीचे भाग पुसून टाकले; त्यांतल्या अनेकांची चित्रफीत आजही मिळत नाही, मात्र त्यांच्या कादंबऱ्या वाचता येतात. मालिकेमागे पुस्तक उरू शकते, म्हणून त्यातला हिशेब चोख हवा. ताईंचा आक्षेप मात्र हिशेबाचा नव्हताच, आणि तो खरा होता.

त्यानंतर मी प्रसंगाला जोड दिली आहे. संकट टळल्यावर मुलीचा आधीच निघालेला लांबलचक संदेश मुंबईत पोहोचतो. आईला तो मध्ये तोडता येत नाही, शेवटपर्यंत ऐकावाच लागतो. ही पाने ताईंकडे आहेत. छपाईची घाई कितीही होवो, त्यांचा होकार आल्याखेरीज हे प्रकरण मी प्रकाशकांच्या हाती देणार नाही.