छोट्या जाहिरातींचे पान

वर्तमानपत्र हाती आले की अग्रलेखाआधी छोट्या जाहिरातींचे पान उघडणारी वाचकांची एक जमात होती आणि मी तिचा निष्ठावंत सदस्य होतो. मला ना घर घ्यायचे असे, ना नोकरी शोधायची; तरीही ‘शिलाई मशीन, चालू स्थितीत, जागेअभावी विकणे आहे, समक्ष भेटा, दलाल क्षमस्व’ हे मी मन लावून वाचत असे. शब्दागणिक पैसे मोजावे लागत असताना ‘जागेअभावी’ हे कारण जाहिरातदार पदरमोड करून छापत असे, कारण मशीन बिघडले म्हणून काढलेले नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणे भाग असे.

लंडनच्या ‘द टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातम्या आल्या त्या ३ मे १९६६ रोजी, तोवर तो मान अशा जाहिरातींचाच होता. पुढे १९९५मध्ये क्रेग न्यूमार्क यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमांची माहिती ओळखीच्यांना ईमेलने पाठवायला सुरुवात केली. त्यातूनच क्रेगलिस्ट हे संकेतस्थळ उभे राहिले आणि तिथे बहुतेक जाहिराती फुकट होत्या. नोकऱ्या, गाड्या, घरे यांनीही आपापली संकेतस्थळे गाठली. अमेरिकी वृत्तपत्रांना २००० साली छोट्या जाहिरातींतून सुमारे साडेएकोणीस अब्ज डॉलर मिळाले होते. २०१२पर्यंत ते उत्पन्न पाच अब्जांच्याही खाली आले. न्यायालयात दिवसभर ताटकळणाऱ्या बातमीदाराच्या पगाराला शिलाई मशीन विकणाऱ्याचा हातभार होता, याची दोघांनाही कल्पना नसावी.

विकणाऱ्याचे मात्र भलेच झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याला हवी तेवढी छायाचित्रे देता येतात, ऐसपैस वर्णन करता येते आणि वस्तू विकली गेली की जाहिरात तत्क्षणी काढून टाकता येते. पूर्वी मशीन सकाळीच गेले तरी संध्याकाळपर्यंत दार वाजत राही. अडचण झाली ती आमच्यासारख्या रिकामटेकड्यांची. आता काय हवे ते शोधचौकटीत आधी लिहावे लागते, आणि ज्याला काहीच नको आहे त्याने तिथे काय लिहावे? बरे, कुतूहलाने एखादे शिलाई मशीन पाहिलेच, तर पुढे कित्येक दिवस जिथे जावे तिथे शिलाई मशीनच समोर येते.

कायद्याने छापील प्रसिद्धी सक्तीची असलेल्या जाहीर नोटिसा अनेक देशांत अजून वर्तमानपत्रात टिकून आहेत. त्याही मी वाचून पाहिल्या. शब्दांची काटकसर तिथे कोणीच करत नाही.