तेरा नंबरचा पाना

शाळा-कॉलेज सगळं मेट्रिकमध्ये झालं, आणि प्रत्यक्ष कामाला लागल्यावर कळलं की ज्यांच्याकडून शिकायचंय ते इंचात आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलतात, ड्रॉइंग मिमीमध्ये असतं आणि वर सगळ्यांना वाटतं आपलंच बरोबर. तसं गणित सोपं आहे हो, १९५९ पासून इंच म्हणजे बरोब्बर २५.४ मिमी, गुणलं की झालं. घोळ होतो तो जवळपास जुळणाऱ्या मापांत.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे १९ चा पाना त्या नटवर मस्त बसतो. एकदा बसला की आपण शेफारतो. तसाच शेफारून मी अर्ध्या इंचाच्या डोक्याच्या बोल्टला १३ चा पाना लावला, ०.३ मिमीचीच तर ढील, म्हटलं चालतंय की. बोल्ट गंजलेला. पहिल्याच झटक्याला पाना सटकला, बोटांची सालटी निघाली आणि बोल्टचे सहाही कोपरे असे गोल झाले की नंतर बरोबर मापाचा पाना आणून काहीच उपयोग नव्हता, शेवटी छिन्नी-हातोडी.

मग चिडून फक्त मिमीवाला सॉकेट सेट घेतला. घरी येऊन बघतो तर प्रत्येक सॉकेटचं मागचं चौकोनी भोक अर्ध्या इंचाचं! आणि हे जगभर असंच. गाडीचा टायर बघा, २०५/५५ आर १६, म्हणजे रुंदी मिमीत, उंची टक्क्यात आणि रिम इंचात. अर्धा इंची लोखंडी पाइप तर बाहेरून २१.३ मिमी भरतो, अर्धा इंच त्यात कुठेच नाही, नुसतं नाव.

१९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून वाया गेलं ते असल्याच भानगडीत, एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदात आकडे दिले, पुढच्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले, जवळजवळ साडेचार पट फरक. माझा निदान बोल्टच गेला.

तेव्हापासून मी प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहितो, दुसऱ्यांनी नाही लिहिलं तर लेक्चरही देतो. परवा नवीन आलेल्या पोराने विचारलं, सर गॅप किती ठेवू? मी मान वर न करता म्हणालो, दोन सूत. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून बघितलं तर तो टेपवर सूत शोधत होता.