भावाची शिक्षा मायदेशी आणताना

धाकट्या भावाला परदेशात 6 वर्षांची शिक्षा झाली. कैद्याला उरलेली शिक्षा मायदेशात भोगता येते, त्यासाठी 1983चा स्ट्रासबर्गचा करार आहे आणि दोन्ही देश त्यात आहेत, हे वकिलांकडून कळलं. मी लगेच अर्जाच्या मागे लागले. पण निकाल अंतिम झाल्याशिवाय हस्तांतरण होत नाही, आणि भावाचं अपील चालू होतं.

ते मागे घ्यावं का? इकडे आल्यावरही निकालाच्या फेरविचाराचा अधिकार शिक्षा देणाऱ्या देशाकडेच राहतो, इथलं कोर्ट त्याला हात लावू शकत नाही. फोनवर तो म्हणाला, "ताई, मागे घेतलं तर मी गुन्हा कबूल केला असंच सगळे म्हणतील ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही थांबलो. 8 महिन्यांनी अपील फेटाळलं गेलं. अर्जाच्या वेळी निदान 6 महिन्यांची शिक्षा शिल्लक लागते; त्याची बरीच होती, म्हणून थांबणं परवडलं.

मग संमती. ती कैद्याचीच, परिणाम समजून, स्वखुशीने दिलेली हवी. हस्तांतरणानंतर शिक्षा वाढवता येत नाही, पण सुटकेचे नियम इथले लागतात. वकिलांनी दोन्हीकडचा हिशेब मांडला : तिकडेच राहिला तर साधारण 5 महिने आधी सुटला असता. मी त्याला हे लपवलं नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "इथं कुठे दुखतंय हे डॉक्टरांनासुद्धा नीट सांगता येत नाही गं. आईला मात्र 5 महिन्यांचं सांगू नकोस." त्याने सही केली.

पुढची पत्रं दोन्ही देशांच्या सरकारांमध्ये फिरत राहिली. एक गोष्ट मात्र प्रत्येक नातेवाइकाने स्वतः तपासावी : भोगलेल्या शिक्षेचा दाखला. खटल्याआधीच्या कोठडीचे दिवसही त्यात यायला हवेत. भावाच्या दाखल्यात 41 दिवस कमी होते. माझ्या वहीत अटकेपासूनच्या सगळ्या तारखा होत्या, त्यावरून वकिलांनी दुरुस्ती करून घेतली. त्यात आणखी 7 आठवडे गेले, पण ते 41 दिवस त्याला परत मिळाले.

दोन्ही देशांचा होकार यायला अर्जापासून 14 महिने लागले. भाऊ इकडे आला त्याच आठवड्यात आई भेटायला गेली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होती, "कुठे दुखतंय?" आणि तो सांगत होता.