लटकत्या चाकावर आवळलेला बोल्ट

गाडी मागून बसते हे मला समोरून येणाऱ्यांनी सांगितलं. घरचे पाचजण आणि गच्च भरलेली डिकी घेऊन रात्री निघालो की जो तो डिपर मारायचा. मी लो बीमवरच असायचो, त्यामुळे आधी राग यायचा. मग लक्षात आलं की मागची बाजू खाली गेल्यावर गाडीचं नाक वर होतं आणि दिवेही आकाशाकडे बघायला लागतात. शिवाय प्रत्येक गतिरोधकावर मागून 'धप्प' आवाज यायचा, म्हणजे स्प्रिंग संपून रबरी स्टॉपर मार खात होता.

एका सकाळी टेप घेऊन खाली बसलो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवाही हिशोबात येते, असं मोजल्यावर येत नाही. रिकामी गाडी ३६६ मिलिमीटर, भरलेली ३०८. मुलीने दोन्ही आकडे पेन्सिलने भिंतीवर लिहिले. त्यांच्याखाली पुढे बरेच आकडे आले.

पर्याय तीन होते. स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी, वेढ्यांमध्ये अडकवायचे पॉलियुरेथेनचे ठोकळे, किंवा स्प्रिंगच बदलणे. एका शॉकमधून, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे थांबवणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरमधून, तेल झिरपत होतं, म्हणजे तो तसाही निघणारच होता. म्हणून जाड तारेच्या स्प्रिंगा आणि गॅसचे शॉक असा जोडसंच घेतला. जुनी तार १२ मिलिमीटरची, नवी १२.५ ची. एवढ्याशा फरकाने काय होणार असं वाटतं, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. वेढे आणि त्यांचा व्यास तोच राहिला तर अर्ध्या मिलिमीटरने स्प्रिंग जवळपास १८ टक्के कडक होते. अशा स्प्रिंगला जुना दमलेला शॉक आवरू शकत नाही, गाडी होडीसारखी डोलत राहते. दोन्ही एकदमच बदलायचे ते यासाठी. आणि यामुळे गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, टायर सगळे जुनेच असतात.

माझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई. त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. घरी करायला याहून सोपी रचना नाही. पुढच्यासारखा शॉकभोवतीच स्प्रिंग असलेला स्ट्रट असता तर मी हात लावला नसता. दाबून धरलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

सुरुवातीलाच एक गोष्ट जवळजवळ विसरलो होतो. हँडब्रेक ओढला, जॅक लावायला गेलो आणि थांबलो. हँडब्रेक धरतो मागच्या चाकांना आणि मागची चाकंच मी हवेत उचलणार होतो! मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले आणि गाडी गिअरमध्ये टाकली. चाकांचे नट जमिनीवर असतानाच सैल केले, मागची बाजू उचलली, बॉडीखाली दोन जॅक स्टँड दिले आणि गाडी हाताने जोरात हलवून पाहिली. हलली नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी गाडीखाली बोटसुद्धा घालत नाही.

तीन तासांचं काम समजत होतो. तीन तास एका बोल्टनेच खाल्ले.

शॉकचा खालचा बोल्ट बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या, पोलादी नळीतून आरपार जातो. त्या नळीत पाणी शिरतं, गंज धरतो आणि बोल्ट आणि नळी एकजीव होतात. आदल्या दोन्ही दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. डावीकडचा बोल्ट बऱ्या बोलाने सुटला. उजवीकडे पान्याला लांब पाइप घातला, आधी किंचित आवळायचा मग सोडायचा ही युक्तीही केली, तेव्हा कुठे नट निघाला. बोल्ट मात्र नळीसकट गरगर फिरायचा आणि बाहेर काही यायचा नाही. हातोडीने त्याचं टोक चपटं झालं, एवढंच. ज्योत लावून तापवावा असा मोह झाला, पण शेजारी बुशचं रबर, ब्रेकची नळी, जरा वर इंधनाची टाकी. शेवटी हॅकसॉचं पातं ब्रॅकेट आणि बुशच्या मधल्या फटीत घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. शॉक फेकायचाच होता म्हणून हे जमलं. दोन पाती संपली.

नवा बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा जुळवून घेतला. १०.९ म्हणजे तो साधारण १००० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि त्याच्या ९० टक्क्यांवर कायमचा लांबतो. पेटीत सापडलेला कुठलाही बोल्ट इथे चालत नाही.

शॉकचा वरचा नट डिकीत, आतल्या कव्हरखाली. पाना फिरवला की नटाबरोबर दांडाही फिरतो. दांड्याच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच असते. मुलगी डिकीत शिरली, तिने ॲलन की धरली आणि मी रिंग पान्याने नट फिरवला. दांडा पकडीने धरायचा नाही हे तिला दोनदा बजावलं. त्या गुळगुळीत क्रोमवर ओरखडा आला की सील फाटतं आणि नवा शॉक महिन्यात गळायला लागतो.

दोन्ही शॉक सुटल्यावर बीम जॅकवर धरून हळूहळू खाली सोडला. इथे डोळे स्प्रिंगवर नाही, ब्रेकच्या रबरी नळीवर, एबीएसच्या वायरवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठेवायचे. वायरची एक क्लिप काढावी लागली, नाहीतर ती ताणली जात होती. स्प्रिंगा हाताने बाहेर आल्या. नव्या बसवताना तारेचं टोक रबरी बैठकीतल्या पायरीला टेकवलं.

बीम पुढे ज्या दोन बुशांवर झुलतो त्यांचे बोल्टही मी सैल केले होते, कारण उंची बदलणार होती. ते बरोबरच केलं. चुकलो ते आवळताना. गाडी स्टँडवर, बीम खाली लटकलेला, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला 'टक्' वाजणारा पाना) फिरवायला ऐसपैस जागा. मॅन्युअलमधला जोराचा आकडा लावून एकेक बोल्ट 'टक्' आवाज येईपर्यंत आवळला, चाकं चढवली, गाडी खाली उतरवली. संध्याकाळ झाली होती. मुलीने टेप लावला आणि आकडा वाचला. ३९२.

अपेक्षा होती ३८४ च्या आसपासची. चार दिवस चालवूनही गाडी बसेना, उलट गतिरोधकावर मागून लाकडी जिन्यासारखी करकर यायला लागली. मॅन्युअलचं तेच पान पुन्हा उघडलं. आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: गाडी चाकांवर उभी असताना आवळा.

बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, त्यात काही घसरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत येतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते आणि त्या क्षणी बीम ज्या कोनात असेल ती रबराची विश्रांतीची जागा ठरते. मी ती लटकलेल्या अवस्थेत ठरवली होती. त्यामुळे गाडी नुसती उभी असतानाही बुश पिळलेले, बीमला खाली ढकलत राहणारे आणि गाडी वर उचलून धरणारे. असेच ठेवले असते तर लवकर फाटले असते.

दुरुस्तीतही एकदा फसलो. स्टँडवरच बीमखाली जॅक लावून चाकं वर उचलू म्हटलं, पण नेहमीच्या उंचीच्या जरा अलीकडेच बॉडी स्टँडवरून उठायला लागली. उठणारच, त्या उंचीला सगळं वजन स्प्रिंगवरच असतं. लगेच जॅक खाली घेतला. मग गाडी रिव्हर्समध्ये घेऊन मागची चाकं रॅम्पवर चढवली आणि तिथेच उभी केली. आता मागची चाकं टेकलेली, म्हणजे हँडब्रेकही कामाचा. पुढे ठोकळे होतेच. मागची बाजू चार-पाच वेळा दाबून सोडली, सगळे बुशचे बोल्ट सैल केले, गाडी पुन्हा दाबली आणि मग आवळले. खाली पडून टॉर्क रेंच जेमतेम वीस अंश फिरत होता. पाऊण तास लागला, मान दोन दिवस धरली. करकर गेली. टेपवर ३८४.

दिव्यांचं काम उरलं होतं. सुरू करण्याआधी दहा मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची वरची कड खुणावून ठेवली होती. आता तीच कड सात सेंटिमीटर खाली पडत होती. मागची बाजू १८ मिलिमीटर वर गेली आणि दोन चाकांमधलं अंतर अडीच मीटर, हिशोब बरोबर जुळतो. डॅशबोर्डवरची चकती दिवे फक्त खाली नेते, शून्याच्या वर जात नाही. म्हणून दिव्यामागचे स्क्रू फिरवून कड पुन्हा खुणेवर आणली.

पाचजण आणि सामान घेऊन आता ३३१ येतात आणि तो 'धप्प' गेला. रिकामी गाडी मात्र बारीक खड्ड्यांवर मागून उडते. मागे बसणाऱ्यांची तक्रार खरी आहे. ओल्या वळणावर मागची चाकं पूर्वीपेक्षा लवकर सरकू पाहतात, कारण मागची बाजू कडक झाली. अशा वळणाला आता मी वेग आधीच कमी करतो.

महिन्याने पुन्हा मोजलं. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतातच. उजवीकडे ३८२, डावीकडे ३७९.

"बाबा, डावीकडे तीन कमी आहेत," मुलगी म्हणाली.

मी रॅम्पकडे पाहिलं आणि टेप गुंडाळला.