वही पिशवीतच राहू दिली

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर मी शिक्षिका आहे. शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेत माझ्या वाट्याला एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आला. मध्ये नाला, त्यावर पूल नाही. उन्हाळ्यात पोहोचले आणि सवयीने वही काढली. तेवढ्यात ओसरीवरचा बाप उठून आत गेला, शेजारची माणसं पांगली.

चूक माझीच होती. या भागात चाळीसेक वर्षं बंदुका वावरल्या आहेत, नक्षलवाद्यांच्या आणि पोलिसांच्या, दोन्ही बाजूंच्या. कुणाचं नाव कुणाच्या यादीत, यावर इथं जीव गेले आहेत. अनोळखी बाईनं नावं लिहायला घेतली की त्यांच्या डोळ्यांसमोर शाळा येत नाही.

पुढच्या खेपेला वही पिशवीतच राहू दिली. सोबत अंगणवाडीताई होत्या, त्या माडिया बोलतात. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू होता, म्हणून आम्हीही पानं जुळवायला बसलो. माझ्याशेजारी एक मुलगी पुडे बांधत होती. सत्तर पानांचा एक पुडा. पाच-पाच पानं हातावर घेत ती ओठ न हलवता मोजायची, देठ एका बाजूला करून आवळून बांधायची. मी तिचे तीन पुडे सोडून मोजले. एकाही पानाचा फरक नाही. ही मुलगी एक दिवसही शाळेत गेली नव्हती. आईशी बोलायला मला त्यानंतर आणखी दोन फेऱ्या लागल्या.

पावसाळ्यात नाला भरला की रोज ये-जा अशक्य, म्हणून आधी निवासी शाळेत विचारलं. तिथं उत्तर मिळालं, 'जन्मदाखला आणा, मग बघू. आणि वय झालंय, पहिलीत बसणार का?' आई निमूटपणे परत फिरली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण दोन्ही गोष्टी कायद्याला धरून नव्हत्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीच्या चिमुरड्यांत बसवलं असतं, तर ती आठवड्याभरात पळाली असती.

शेवटी तिला आमच्याच शाळेत घेतलं. अंगणवाडीतली नोंद आणि आईचं वयाबद्दलचं घोषणापत्र एवढ्यावर चौथीत नाव लागलं. आईनं अंगठा उठवण्याआधी ताईंनी सगळा कागद माडियात वाचून दाखवला. खरा प्रश्न राहण्याचा होता. शाळेच्या गावात तिची आत्या राहते. तिच्याकडे ठेवायचं ठरलं, तेही बापानं स्वतः येऊन घर आणि शाळा पाहिल्यावर.

जुलैत पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा रस्ता बंद झाला. आमचा नालाही दुथडी. वीसेक दिवस आईबापाची भेट नाही. ती दाराशी बसून असायची, जेवायची नाही. त्या दिवसांत मी शिकवणं बाजूला ठेवलं. चित्र दाखवायचे, ती माडियात नाव सांगायची, मी मराठीत. पाण्याला ती 'एर' म्हणाली, मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. आपला शब्द फळ्यावर पाहून ती उठून जवळ आली. गणित तिला आधीपासून येत होतंच. पाचाचा पाढा तिच्या बोटांत होता, मी फक्त तो लिहायला शिकवला. वाचनाला मात्र वेळ लागतो आहे. विशेष प्रशिक्षण दोन वर्षांपर्यंत देता येतं, आम्हाला ती पुरी लागतील असं दिसतंय.

दिवाळीनंतर पाणी ओसरल्यावर टोल्यावर गेले. आईनं माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि ताईंना काहीतरी म्हणाली. ताई हसल्या. 'वही काढा म्हणते. धाकट्याचं नाव लिहून घ्या.'

धाकटा पाच वर्षांचा आहे. पहिलीला अजून एक पावसाळा.