६४ एमबीच्या राउटरवर २१ एमबीचं पॅकेज सोडवताना माझा अनुभव

गावाकडं शेतीची थ्री फेज रात्री कधी येईल सांगता येत नाही, म्हणून अण्णांनी सांगितलं की लाईट आली की मोबाईलवर मेसेज यायला पाहिजे, तेवढं काहीतरी कर. घरी एक जुना राउटर पडला होता, रॅम ६४ एमबी, त्यावर लिनक्स टाकलं, यूएसबीला पेनड्राइव्ह लावला आणि पायथन, लायब्रऱ्या, माझी स्क्रिप्ट असं सगळं मिळून २१ एमबीचं बोचकं लॅपटॉपवर बांधलं. बांधताना हुशारी केली, एक्सझेडला, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला, थेट -९ (सगळ्यात जास्त दाबायची पातळी) दिलं, म्हटलं जितकी बारीक फाइल तितकं बरं. ५.८ एमबी झाली, खूश.

राउटरवर सोडवायला (दाबलेली फाइल परत उघडायला) गेलो तर एका सेकंदात उत्तर, डेटा करप्ट आहे म्हणे. परत कॉपी केली, परत तेच. पेनड्राइव्ह बदलला, तेच. शेवटी दोन्हीकडं चेकसम (फाइलचा ठसा म्हणावा असा आकडा) काढला तर अक्षर न् अक्षर सारखा, म्हणजे फाइल ठणठणीत आणि हा बाबा खोटं बोलतोय. अर्धा रविवार यातच गेला, अण्णा दर तासाला येऊन "काय रे, झालं का?" विचारत होते ते वेगळंच.

मग लॅपटॉपवर त्या फाइलची माहिती काढली, एक्सझेडला लिस्टसोबत दोनदा व्हर्बोज (सविस्तर दाखव) दिलं की दिसते. सोडवायला लागणारी मेमरी ६५ एमबी! आणि राउटरवर फ्री (रॅम किती ते सांगणारी कमांड) मारलं तर एकूणच ५९ दाखवतोय, बाकी लिनक्सनंच धरलेली. -९ ची डिक्शनरी ६४ एमबीची असते, म्हणजे आधी काय येऊन गेलं ते तेवढ्या अंतरापर्यंत लक्षात ठेवायचं, आणि सोडवणाऱ्यालाही तेवढीच जागा धरावी लागते. आमचा माल अख्खा २१ एमबी, त्याला ६४ ची डिक्शनरी कशाला? पण फाइलच्या सुरुवातीला आकडा ६४ चाच लिहिलेला, त्यामुळं तेवढी मेमरी मागितली जाते, कर्नल (लिनक्सचा गाभा) नाही म्हणतो आणि राउटरवरचं ते छोटं टूल सरळ करप्ट म्हणून मोकळं होतं. मेमरी पुरली नाही एवढं जरी छापलं असतं तरी माझा दिवस वाचला असता. बाय द वे पॅक करताना तर -९ ६७४ एमबी खातं, पण लॅपटॉपला त्याचं काही वाटत नाही म्हणून आपल्याला ते कळतच नाही.

डिफॉल्ट -६ ठेवलं असतं तरी ९ एमबीत काम झालं असतं. जीझिप या दुसऱ्या प्रोग्रामची खिडकी (त्याची डिक्शनरीच म्हणा) तर ३२ केबीचीच, पण त्यानं फाइल बरीच फुगली. मी मग डिक्शनरी हातानं १ एमबी ठेवून परत बांधलं, फाइल ६.३ एमबी झाली, म्हणजे अर्धा एमबी जास्त, आणि राउटरवर सोडवायला जेमतेम २ एमबी. अजून एक, आधी मी फाइल टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) टाकत होतो आणि तिथला टेंप रॅममध्येच असतो, म्हणजे ५.८ एमबी आधीच तिथं गेलेले, यावेळी थेट पेनड्राइव्हवर टाकली. आणि घाई असली तर लॅपटॉपवरच सोडवून एसएसएचच्या (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय) पाइपमधून टार (सगळ्या फाइलींचं न दाबलेलं बोचकं) राउटरवर ढकलता येतं, तिथं एक्सझेड लागतच नाही, हे मला सगळं झाल्यावर सुचलं.

रात्री पावणेदोनला मेसेज आला. अण्णा बॅटरी घेऊन निघाले, मी झोपलो होतो. सकाळी म्हणाले, "लाईट गेल्याचापण मेसेज कर की."