अर्धी जुळवलेली मोटार, भाड्याचा ट्रक आणि दीडशे मैल

गेल्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील स्किप्टनजवळच्या एका खेड्यातून मी अर्धवट जुळवलेली एक मोटार भाड्याच्या ट्रकमध्ये घालून कॉव्हेंट्रीला, म्हणजे माझ्या घरी, आणली. अंतर सुमारे दीडशे मैलांचे, रस्ते उत्तम, हवा कोरडी. तरीही त्या एका दिवसासाठी मी तीन आठवडे तयारी करत होतो, आणि ती तयारी वाया गेली नाही.

आधी ‘किट कार’ म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आपल्याकडे हा प्रकार जवळपास नाही. कारखाना तुम्हाला तयार गाडी देत नाही. सांगाडा, पत्रा, चाके, स्टिअरिंग आणि खोक्यांत भरलेले सुटे भाग देतो आणि जुळणी तुम्ही घरच्या गॅरेजमध्ये करायची. इंग्लंडमध्ये हा नाद रुजला त्यामागे कराचे एक साधे कारण होते. पूर्ण तयार मोटारीवर खरेदीकर लागत असे, सुट्या भागांच्या संचाला तो लागत नसे, म्हणून १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही दोन आसनांची हलकी उघडी गाडी अनेकांनी संचाच्या रूपात घेतली. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी लोटसकडून या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले; तिथे सेव्हन आजही बनते आणि घरी जुळवण्यासाठी संचाच्या रूपातही मिळते. भारतात असे करता येईल का, असे मला फोनवर अनेकांनी विचारले. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलही आपला मोटार वाहन कायदा कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो कडकपणा उचलून धरला. तेव्हा घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याची आशा तिथे धरू नये, हे माझे प्रामाणिक मत आहे.

मी घेतलेली सेव्हन एका निवृत्त गृहस्थांनी अनेक वर्षे खपून अर्ध्यावर आणली होती. संधिवातामुळे त्यांना आता पान्हा धरवत नव्हता. सांगाडा चाकांवर उभा होता, स्टिअरिंग बसलेले होते, पण हँडब्रेकची तार जोडलेली नव्हती आणि इंजिन वेगळे, लाकडी पॅलेटवर ठेवलेले होते. इथेच खरी अडचण होती. पूर्ण गाडी गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून उभी करता येते. अर्ध्या गाडीला स्वतःला थांबवण्याचे कोणतेही साधन नसते, आणि जे बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवलेले असतात ते वाटेत कुठे पडतील याचा नेम नसतो.

ट्रक म्हणजे इथली ‘लूटन’ व्हॅन. आपल्या बंद टेम्पोची मोठी बहीण म्हणा ना. साडेतीन टनांपर्यंतचे वाहन मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते, मात्र भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतो आणि पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. ती मी पूर्वीच दिली होती. हौदा सुमारे चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद, मागे ५०० किलोंची टेल-लिफ्ट, म्हणजे माल वर उचलून घेणारी यांत्रिक फळी. हौद्याच्या तळाला लोखंडी कड्या आहेत का, हे मी आधी फोन करून विचारले आणि होकार मिळूनही स्वतः जाऊन पाहिले, तेव्हा पहिल्या गाडीत कड्या नव्हत्याच. नुसत्या भिंतीवर लाकडी पट्ट्या होत्या, ज्या कपाट बांधायला ठीक असतात, मोटार बांधायला नाहीत. मी दुसरी गाडी मागून घेतली.

गाडी चढवायची कशी, याचे गणित मी वहीत मांडले होते. हौद्याचा तळ जमिनीपासून सुमारे ९० सेंटीमीटर उंच. बाजारात मिळणारा २.४ मीटरचा रॅम्प लावला तर चढ २२ अंशांचा होतो. सेव्हनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण सव्वादोन मीटरचे अंतर असते. तेव्हा पुढची चाके हौद्यावर आणि मागची रॅम्पवर अशा अवस्थेत गाडीचे पोट कडेला टेकू नये, यासाठी पोटाखाली सुमारे २२ सेंटीमीटर मोकळी जागा हवी. ती १५ च होती. रॅम्प ३.९ मीटर लांब केला की चढ १३ अंशांवर येतो आणि १३ सेंटीमीटर पुरतात. इथे बांधकामाच्या परांचीच्या फळ्या नेमक्या ३.९ मीटर लांबीच्या असतात, म्हणून मी त्याच घेतल्या, प्रत्येक बाजूला दोन एकावर एक, मध्ये वाकू नयेत म्हणून खाली ठोकळ्यांचा आधार. इंजिन बसवलेले असते तर त्याचे खाली लोंबणारे ऑइलचे भांडे नक्की अडकले असते. अर्धवटपणाचा एवढा एक फायदा झाला.

प्रत्यक्षात चढवताना फळ्या जवळपास लागल्याच नाहीत. त्या गृहस्थांच्या अंगणामागे गवताचा एक उंचवटा होता आणि त्याच्या पायथ्याशी ट्रक मागे घेतला की टेल-लिफ्टची कड मातीला जवळजवळ समतल येत होती. ही जागा त्यांनीच दाखवली. पूर्वी शेजारचा शेतकरी तिथूनच मेंढ्या गाडीत चढवत असे. इचलकरंजीचा माझा मित्र आणि मी अशा दोघांनी गाडी हाताने ढकलत आत नेली, आणि ते गृहस्थ स्टिअरिंग धरून चालत होते. शंभर किलोंहून जड असलेले इंजिन नंतर टेल-लिफ्टने चढवले आणि हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून बांधले.

माल बांधण्याचा इथला सरकारी दंडक स्पष्ट आहे: बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या पूर्ण वजनाइतका आणि दोन्ही बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका जोर सोसला पाहिजे. केवळ वजनामुळे माल जागेवर राहील, हे गृहीत धरायचे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाबांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते, आणि ओतीव भाग टेम्पोत भरताना ते हेच वेगळ्या शब्दांत सांगत: “दोर आवळला म्हणजे बांधलं असं नाही रे. खांदा लावून ढकलून बघ, सरकलं तर परत सोड.” मी रॅचेटचे, म्हणजे दात्यांच्या चक्रीने आवळत जायचे, चार पट्टे चार चाकांवरून घेतले. सांगाड्याला बांधून गाडी खाली खेचली तर स्प्रिंग दबतात, खड्ड्यागणिक गाडी उसळते आणि पट्टा सैल पडतो. चाके बांधली की वरचा भाग आपल्या जागी हलू शकतो. शिवाय सेव्हनच्या अंगावरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा इतका पातळ असतो की पट्टा त्याला लागला तर पोचा ठरलेला. पुढच्या चाकांपासून हौद्याच्या भिंतीपर्यंत लाकडी चौकट अडकवली, चारही चाकांना ठोकळे लावले, मग खांदा लावून ढकलले. मागच्या डाव्या बाजूचा पट्टा सोडून पुन्हा बांधावा लागला.

फायबरचे पुढचे नाक त्या गृहस्थांनी स्वतः एका जुन्या लोकरी घोंगडीत गुंडाळले. बिलांची फाइल मात्र मी हौद्यात ठेवू दिली नाही. ती केबिनमध्ये मित्राच्या मांडीवर होती. घरी बांधलेल्या गाडीला इथे एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी पार करावी लागते, ज्यात बाहेर आलेल्या कडा किती गोल आहेत तेही मापतात, आणि नोंदणीच्या वेळी कोणता भाग नवा, कोणता जुना, हे कागदाने सिद्ध करावे लागते. एखादा भाग हरवला तर विकत मिळतो. बारा वर्षांपूर्वीची पावती कुठून आणणार?

निघण्यापूर्वी ट्रकची उंची कागदावर ठळक लिहून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवली, कारण रोज लहान गाडी चालवणारा माणूस वाहनतळाच्या उंचीरोधक दांड्याखाली सहज घुसतो, आणि छताच्या नुकसानीला भाड्याच्या विम्याचे संरक्षण बहुधा नसतेच. कीथलीला, दहा-बारा मैलांवर, पहिल्यांदा थांबून मागचे दार उघडले. पुढे ब्रॅडफर्डवरून एम ६२ महामार्ग, मग एम १ ने दक्षिणेकडे, लेस्टरजवळ एम ६९. वाटेत वूली एजच्या विश्रांतीथांब्यावर चहा. वाऱ्याच्या झोताने उंच हौदा बाजूला ढकलला जाई, म्हणून मी ताशी ५५ मैलांच्या वर गेलो नाही आणि डावी मार्गिका सोडली नाही.

कॉव्हेंट्रीत उंचवटा नव्हता. तिथे परांचीच्या फळ्यांनी आपले काम केले. हाताच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या दातेरी रहाटाने, एकेक दात सोडत गाडी उतरवली, तेव्हा पोट आणि हौद्याची कड यांमध्ये दोन बोटांचे अंतर उरले होते. वहीतले गणित बरोबर होते.

रात्री त्या गृहस्थांना फोन केला. गाडी पोहोचली का, हे त्यांनी विचारले नाही. मागच्या डाव्या पट्ट्याचे काय झाले, हे विचारले. कीथलीला तो दोन दात सैल झाला होता, मी तिथेच आवळला आणि पुढे हलला नाही, असे मी सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की घोंगडी परत पाठवायची घाई नाही, नाक बसेपर्यंत ती तिथेच राहू दे.